सुट्टी दिली, पण चार्ज कोणाला दिला?

आपल्याकडे खेड्यापाड्यांत 'डिस्चार्ज' हा शब्द फारसा कुणाच्या तोंडी नाही. आपण 'सुट्टी' म्हणतो. "आबांना सुट्टी झाली का?" "व्हय, काल सांजच्याला दिली डॉक्टरांनी." शाळेची सुट्टी, कचेरीची सुट्टी, तशी दवाखान्याची सुट्टी. शब्द ऐकायला बरा आहे, पण त्याने एक घोटाळा करून ठेवला आहे. सुट्टी म्हटले की दुखणे संपले, आता घरी जाऊन नेहमीसारखे वागायचे, असे माणसाच्या मनात बसते. खरे पाहता कालपर्यंत जे काम वॉर्डातली सिस्टर करीत होती, ते आजपासून घरच्या माणसाने करायचे असते. गोळ्या वेळेवर द्यायच्या, जखम कोरडी ठेवायची, कूस बदलायची, लघवीचा रंग बघायचा, ताप चढला तर ओळखायचा. उपचार चालूच असतात, करणारे हात तेवढे बदलतात.

सुट्टीच्या दिवशी वॉर्डात काय चित्र असते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सकाळच्या राऊंडला डॉक्टर म्हणतात, "यांना आज सोडा." मग धावपळ सुरू होते. एक जण बिलाच्या खिडकीवर, एक औषधाच्या दुकानात, एक गाडी बघायला. खाली जीपवाला हॉर्न वाजवत असतो. सिस्टरच्या हातात एकाच वेळी पाच-सहा जणांची कार्डे असतात. ती उभ्या उभ्या सांगते, "ह्या सकाळ-संध्याकाळ, ही रात्री, आठ दिवसांनी दाखवायला या, पथ्य पाळा." समोरचा "व्हय, व्हय" म्हणतो, कारण त्याचे निम्मे लक्ष गाडीकडे असते. कार्ड एक्स-रेच्या पिशवीत जाते आणि घरी आल्यावर पिशवी खुंटीला लागते. पुढे चार दिवसांनी घरात प्रश्न निघतो, "ही लाल गोळी कवा द्यायची सांगितलीया?" आणि उत्तर कुणालाच ठाऊक नसते.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवा. गावातल्या ग्रामसेवकाची बदली झाली तर तो असाच उठून जातो का? नाही. नवा माणूस येतो आणि दोघे समोरासमोर बसतात. नमुना आठचे रजिस्टर, पावती पुस्तके, रोख शिल्लक, कपाटाच्या किल्ल्या, इतकेच काय डेड स्टॉकमधली मोडकी खुर्चीसुद्धा यादीला चढते. 'चार्ज देणार' आणि 'चार्ज घेणार' अशा दोन सह्या होतात. यादीत नसलेली वस्तू उद्या निघाली किंवा यादीतली हरवली तर जाब कोणाला विचारायचा हे ठरलेले असते. मोडक्या खुर्चीचा चार्ज आपण इतक्या रीतसर देतो-घेतो, आणि पोटाला वीस टाके पडलेला माणूस मात्र "व्हय, व्हय" वर ताब्यात देतो-घेतो. जिवंत माणसाचा चार्ज खुर्चीपेक्षा हलका कसा, हा माझा साधा प्रश्न आहे.

हा प्रश्न मी मुख्यतः नर्सिंग शिकणाऱ्या मुला-मुलींपुढे ठेवतो आहे. आज आपल्या तालुक्यांतल्या गावागावांतून मुली एएनएमला, जीएनएमला, बी.एस्सी. नर्सिंगला जात आहेत. दोन वर्षांचा, तीन वर्षांचा, चार वर्षांचा अभ्यासक्रम. बापाने शेत गहाण टाकून फी भरलेली आहे. उद्या वॉर्डाच्या दारात कार्ड हातात घेऊन उभी राहणारी सिस्टर हीच आहे. म्हणून ज्यांच्या घरात अशी लेक किंवा सून शिकते आहे त्यांनी हे तिच्या नजरेखालून घालावे, अशी विनंती आहे.

चार्ज घेणारा कोण?

नर्सिंगच्या वर्गात सुट्टीची पद्धत शिकवतात. डॉक्टरांचा लेखी हुकूम बघा, सलाईनची सुई काढा, पेशंटच्या वस्तू परत द्या, बिल पूर्ण झाले का पाहा, कार्ड आणि औषधे द्या, पुढची तारीख सांगा, रजिस्टरला नोंद करा. हे सगळे बरोबर आहे आणि परीक्षेत याला गुणही मिळतात. पण या यादीतली बहुतेक कामे वॉर्ड मोकळा करण्याची आहेत. पेशंट घरी गेल्यावर काय होणार, याचा त्यात फार थोडा भाग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे सांगायचे कोणाला? कार्ड घेतो पुरुष. चुलता, मेहुणा, थोरला भाऊ, कधी गावातला एखादा पुढारी कार्यकर्ता. आणि घरी प्रत्यक्ष करणार कोण? बायको, सून, आई. ती बहुतेक वेळा त्या क्षणी खाली गाडीत बोचकी चढवत असते, किंवा जनावरे सांभाळायला घरीच थांबलेली असते. म्हणजे ऐकणारा एक आणि करणारी दुसरी. मधे निरोप्या. निरोपात अर्धे गळते, उरलेल्या अर्ध्याचे भलतेच होते. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थिनीने सर्वांत आधी विचारावे, "घरी यांचं कोण करणार? त्यांना वर बोलवा." ती बाई आलेली नसेल तर फोन लावून तिच्याशी बोलावे. आता घरोघर फोन आहेत.

दुसरी गोष्ट, हे सुट्टीच्या दिवशी सुरू करून भागत नाही. चांगल्या सिस्टर सुट्टीची तयारी पेशंट भरती झाल्या दिवसापासून करतात. घर कसले आहे, संडास घरात आहे की लांब, पाणी कुठून आणतात, जवळचे उपकेंद्र कोणते, दिवसा घरी कोण असते, हे बोलता बोलता विचारून घेतात. ड्रेसिंग करताना घरच्या बाईला शेजारी उभे करतात. पहिल्या दिवशी ती बघते, दुसऱ्या दिवशी मदत करते, तिसऱ्या दिवशी तिच्या हाताने करून घेतात. मग सुट्टीच्या दिवशी शिकवायचे थोडेच उरते.

'बीडी' म्हणजे बिडी नव्हे

आता कार्ड काय म्हणते ते पाहू. बहुतेक कार्डे इंग्रजीत आणि घाईच्या अक्षरात. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव वाचता येईल असे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा बदल वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ साली झाला. पण नियम झाला म्हणून अक्षर सुधारले असे सगळीकडे दिसत नाही. तेव्हा काही खुणा आपणही ओळखून ठेवाव्यात. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. 'बीडी' म्हणजे दोनदा, ओढायची बिडी नव्हे. 'टीडीएस' म्हणजे तीनदा. 'एचएस' म्हणजे झोपताना. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तरच. '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

नुसते 'झोपताना' सांगूनही काम होत नाही. अजून कित्येक गावांत शेतीची लाईट रात्री येते. माणूस अकराला मोटर चालू करायला जातो आणि पहाटे परत येतो. त्याने झोपतानाची गोळी कधी घ्यायची? सकाळची गोळी न्याहारीनंतर म्हटले, पण मजुरीला जाणारी बाई सातला नुसत्या चहावर निघते आणि भाकरी अकराला बांधावर खाते. तेव्हा घड्याळाऐवजी भाकरीशी आणि कामाशी गाठ घालून सांगावे. "मावशी, तुम्ही पहिली भाकरी कधी खाता? मग तवाच ही घ्यायची." शहरातल्या पुस्तकात हे लिहिलेले नसेल, पण खेड्यातून गेलेल्या मुलीला हे कुणी शिकवायची गरज नाही. तिने आपल्याच घरात पाहिले आहे. तेवढे वॉर्डात आठवायचे.

जुन्या गोळ्यांचेही तसेच. घरी डब्यात आधीच ब्लडप्रेशरची गोळी असते, दवाखान्यातून दुसऱ्या नावाची पण त्याच औषधाची गोळी मिळते. माणूस दोन्ही खातो आणि चक्कर येऊन पडतो. उलट कधी नवी चालू झाली म्हणून जुनी साखरेची गोळी परस्पर बंद होते. म्हणून घरचा गोळ्यांचा डबा भरती होतानाच बरोबर न्यावा. सिस्टरने सुट्टीच्या वेळी तीन ढीग करून दाखवावेत. ह्या चालू ठेवायच्या, ह्या बंद, ह्या नव्या.

आणि पथ्य. 'जड उचलू नका' असे सगळेच सांगतात. जड म्हणजे काय? आपल्या बाईला भरलेली घागर जड वाटतच नाही, ती रोजची आहे. हर्नियाच्या ऑपरेशनवाल्याला फवारणीचा पंप जड वाटत नाही. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या घरात जातो आणि पाठीवर असला तरी ताण पोटावरही येतो. तेव्हा सांगायचे असेल तर नाव घेऊन सांगावे. घागर नको, वैरणीचा भारा नको, पंप नको, आणि अमुक तारखेपर्यंत नको. 'आठ दिवसांनी या' याचेही तेच. त्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी असते ते बघून वार आणि तारीख मराठीत लिहून द्यावी. नाहीतर माणूस एसटीचे भाडे खर्चून येतो आणि डॉक्टर नाहीत म्हणून परत जातो. दुसऱ्यांदा तो येत नाही.

सगळे सांगून झाले की शेवटी "समजलं का?" असे विचारू नये. या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, "व्हय." त्याऐवजी उलट विचारावे. "काकू, आता तुम्ही मला सांगा, ही गोळी घरी कधी देणार?" "आबांना काय झालं की लगेच दवाखान्यात आणणार?" नर्सिंगमध्ये याला टीच-बॅक म्हणतात. काकूंनी बरोबर सांगितले तर चार्ज मिळाला. चुकल्या तर काकूंचा दोष नाही, सांगण्यात कसर राहिली. पुन्हा सांगायचे. याला पाच-दहा मिनिटे लागतात.

शेतातून आलेली दुखणी

आपल्या भागातल्या काही दुखण्यांत तर सुट्टीनंतरचेच दिवस सांभाळायचे असतात.

फवारणीची विषबाधा घ्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांची बाधा उतरली असे वाटल्यावरही एक ते चार दिवसांत मान धरवत नाही, श्वास लागतो, असे होऊ शकते. दोन-तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या, पायांत ताकद नसणे, हेही काहींना होते. शरीरातला जो घटक या विषाने मारला जातो तो भरून यायला काही आठवडे लागतात. तेवढ्यात माणूस पुन्हा पंप पाठीवर घेऊन गेला तर थोड्या औषधानेही मोठी बाधा होते. म्हणून "पुन्हा फवारणीला कधी?" हा प्रश्न कार्डावर लिहून घ्यायलाच हवा. आणि एक बारीक गोष्ट. भरती होताना अंगावरून काढलेले औषधाने भिजलेले कपडे पिशवीत घालून परत देतात आणि माणूस घरी जाताना तेच चढवतो. विष कातडीतून शिरते. ते कपडे परत वापरायचे नसतात, हे सांगायचे काम सिस्टरचे आहे.

सर्पदंशाचे तसेच. लस टोचून माणूस बरा होऊन घरी येतो. आठवडा-पंधरवड्यात ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर खाजरी गांध उठते. गाव म्हणते, "इख पुन्हा चढलं," आणि माणूस भगताकडे जातो. ती लसीची उशिरा येणारी प्रतिक्रिया असू शकते आणि डॉक्टरांकडे त्यावर उपाय असतो. मात्र लघवी कमी झाली, लालसर झाली, हिरड्यांतून रक्त आले तर तासभरही थांबायचे नाही. ही दोन वाक्ये सुट्टीच्या वेळी कुणी सांगितली तर भगताची फेरी वाचते.

पक्षाघाताचा पेशंट घरी आला की खरी कसोटी घरच्यांची. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला, कमरेला जखमा होतात आणि माणूस मूळ दुखण्याऐवजी त्या जखमांनी जातो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लोंबती ठेवायची, अंगावर किंवा जमिनीवर ठेवायची नाही. नाकातल्या नळीतून भरवताना डोके उंच हवे आणि नंतर अर्धा तास तसेच ठेवावे. इन्सुलिन चालू असेल आणि घरी फ्रिज नसेल तर ती बाटली कोरडी राहील अशी बंद डब्यात घालून माठाच्या गारव्याला ठेवता येते. पत्र्याच्या घरात फळीवर ठेवली तर उन्हाळ्यात निकामी होते. हे शिकवायला इंग्रजी लागत नाही.

सासरी की माहेरी?

बाळंतपणाच्या बाबतीत तरी सरकारने सुट्टीनंतरचा विचार केला आहे. २०११ साली जननी शिशू सुरक्षा कार्यक्रम आला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, जेवण मोफत आणि सुट्टीनंतर घरी सोडायला गाडीही मोफत. साध्या बाळंतपणानंतर ४८ तास तरी थांबावे असे त्यात धरले आहे. घरी आल्यावर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येऊन आई-बाळाला बघायचे असते.

या भेटींच्या मागे आपल्याच महाराष्ट्रातले काम आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत साध्या गावच्या बायकांना नवजात बाळाची घरची काळजी शिकवली. तिथले नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच दाखवले होते, की नीट शिकवले तर गावची बाई आरोग्याचे काम उत्तम करते. म्हणजे घरच्या बाईला काय कळते, हा सवाल निकालात निघालेला आहे.

पण गाडी कुठे अडते पाहा. बाई सासरच्या पत्त्यावर नोंदलेली असते आणि सुट्टीनंतर जाते माहेरी. सासरची आशा दारावर येऊन कुलूप बघते, माहेरच्या आशेला पत्ताच नसतो. नेमके पहिले पंधरा दिवस कुणाच्याच वहीत नसतात. ऊसतोडीच्या टोळीचे हाल तर विचारू नका. आधारकार्डावर बीडचे गाव, आणि बाळंतीण बाळाला घेऊन जाते कारखान्याच्या फडाजवळच्या कोपीवर. तेव्हा कार्डावर छापील पत्त्याच्या जोडीला एक प्रश्न हाताने लिहावा. 'इथून कुठं जाणार?' आणि त्या गावच्या आशाताईला तिथल्या तिथे फोन करावा. बाळ अंगावर ओढत नाही, गार पडले, लुळे पडले, भरभर श्वास घेते, तळहात-तळपाय पिवळे दिसतात. आईला अंगावरून फार जाते, ताप येतो, डोके फुटल्यागत दुखते, झटके येतात. यांतले काहीही झाले की वाट बघायची नाही, एवढे तिच्या सासूला किंवा आईला पाठ करून पाठवावे.

डामा आणि कागदाचा हक्क

सरकारी दवाखान्यात 'डामा' हा शब्द कानावर येतो. डॉक्टरांचा सल्ला न मानता निघून गेलेला पेशंट. अंगठा घेतात, कागद फाईलला लावतात, विषय संपला. पण माणूस का निघाला? सुगी तोंडावर आली आहे, म्हशीची धार काढायला कुणी नाही, पैसे संपले, पोरे घरी एकटी आहेत. कधी कारण विचारले तर एखाद्या गोष्टीला मार्ग निघतो. नाहीच निघाला तरी तो माणूसच आहे, त्याला कार्ड, गोळ्या आणि धोक्याच्या खुणा सांगून पाठवले पाहिजे. उलट त्यालाच जास्त सांगायची गरज आहे, कारण तो अर्धा बरा होऊन चाललेला आहे. नर्सिंगच्या मुलीने त्याच्यावर रागावून तोंड फिरवू नये.

लोकांनीही आपले हक्क ओळखावेत. उपचाराच्या कागदांची मागणी केली तर ७२ तासांत प्रत मिळाली पाहिजे, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत बिलाच्या वादावरून पेशंटला अडवून ठेवू नये असे म्हटले आहे. सध्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे मूळ असलेली राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ साली सुरू झाली, तेव्हाच तिच्या पॅकेजमध्ये सुट्टीनंतरच्या दहा दिवसांची औषधे-तपासणी आणि पेशंटचे परतीचे एसटी भाडे धरले होते. योजनेखाली भरती असाल तर सुट्टीच्या दिवशी आरोग्यमित्राला गाठून विचारा, "पुढच्या दहा दिवसांचं काय?" न विचारणाऱ्याला कुणी बोलावून देत नाही.

सिस्टरला वेळ कुठे आहे?

यावर एक उत्तर ठरलेले आहे. "साहेब, एका सिस्टरच्या वाट्याला आख्खा वॉर्ड. त्यात तुमची पाच-दहा मिनिटं कुठून आणायची?" तक्रार खरी आहे. जागा रिकाम्या आहेत, लिहिण्याची कामे वाढली आहेत, आणि राग निघतो तो मात्र समोर उभ्या असलेल्या सिस्टरवरच. तिला दोष देऊन काही साधणार नाही. पदे भरावीत हे तर आहेच.

पण त्याच वॉर्डात नर्सिंगचे विद्यार्थी ड्युटीला असतात. अनेकदा त्यांना चादरी बदलणे, टेंपरेचर घेणे, रजिस्टरला रेघा मारणे यातच ठेवतात. त्यांना एकेक पेशंट भरती झाल्यापासून सुट्टीपर्यंत वाटून द्यावा. सुट्टीचे सांगणे डॉक्टर आणि सिस्टरच्या देखरेखीखाली त्यांनी करावे, एका पानावर मराठीत लिहून द्यावे. जमेल तिथे त्याच पेशंटच्या घरी सामुदायिक आरोग्याच्या ड्युटीत जाऊन यावे. आपण सांगितले त्यातले घरात किती उरले, हे डोळ्यांनी पाहिलेली मुलगी पुढे तीस वर्षे नोकरीत घाईने कार्ड हातात कोंबणार नाही. यासाठी फार मोठ्या अनुदानाची गरज नाही. नर्सिंग कॉलेजचे प्राचार्य आणि दवाखान्याच्या मेट्रन यांनी मनावर घेतले तर पुढच्या महिन्यापासून होईल.

गावानेही हात वर करून चालणार नाही. चार्ज देणाऱ्याइतकीच घेणाऱ्याचीही सही लागते. आपल्या गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. तिला नियमाप्रमाणे वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित निधी असतो. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात आणि अनेक ठिकाणी तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. सरपंच, ग्रामसेवक आणि आशाताई यांनी एक साधी वही घालावी. दवाखान्यातून कोण घरी आले, कोणत्या तारखेला आले, पुन्हा कधी दाखवायचे आहे. वहीत दुखण्याचे नाव चारचौघांत वाचून दाखवायचे कारण नाही, तो ज्याचा त्याचा खासगी मामला आहे. तारीख आली की आशाताईने आठवण द्यावी. गाडीभाड्याला अडलेल्या एखाद्या निराधार म्हातारीचा प्रश्न समितीपुढे ठेवावा. उपकेंद्रावर ड्रेसिंग होत असेल तर टाक्यांच्या माणसाला तालुक्याला हेलपाटे का मारायला लावायचे?

आणि घरोघरच्या माणसांनी तीन गोष्टी कराव्यात. भरती होताना घरचा गोळ्यांचा डबा बरोबर न्यावा. सुट्टीच्या दिवशी जो घरी करणार आहे त्याला बरोबर ठेवावे, गाडी अर्धा तास थांबली तर थांबू द्यावी. आणि घरी आल्या दिवशी कार्ड खुंटीला न लावता आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सिस्टरला वाचायला द्यावे. संकोच करू नये. सात-बारा वाचून घ्यायला आपण तलाठ्याकडे जातोच की.

येत्या ग्रामसभेत गटार, दिवाबत्ती, घरपट्टी हे विषय येतीलच. त्यात एक विषय वाढवा. गेल्या सहा महिन्यांत आपल्या गावात दवाखान्यातून किती जण सुट्टी होऊन आले, त्यातले किती जण पुन्हा दाखवायला गेले, आणि किती जणांना त्याच दुखण्यासाठी परत भरती करावे लागले. आकडा कुणाकडे नसेल तर त्याच सभेत वही घालायचा ठराव करा आणि त्याची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जवळच्या नर्सिंग कॉलेजला पाठवा.